भिंगरीचं दूध

१

वन्संचं पहिलं पुस्तक पुन्हा एकदा नापसंत होऊन परत आलं, त्या दिवशी मी देवापुढे बसून एक नवस बोलले होते. "देवा, एवढं पुस्तक निघू दे. निघालं तर त्यातल्या पोरीला मी या घरची लेक मानीन. रोज शाळा सुटायच्या वेळी तिच्या नावानं टेबलावर पेलाभर दूध ठेवीन."

नेम धरायची सवय मला लहानपणापासूनची. कुणाचा ताप उतरावा म्हणून गोड सोडलं, ह्यांची बदली टळावी म्हणून गादीवर झोपणं सोडलं. पण प्रत्येक नेमाची सांगता आधी ठरवायची असते. आईनं मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. बिनशेवटाचा नेम धरू नये. या एकाच नेमाला मी शेवट घातला नाही. घाईत राहून गेलं असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण आम्हाला मूल नव्हतं, आणि या नेमाला शेवट असावा असं मला वाटलंच नाही, हे जास्त खरं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून थोड्या मोठ्या. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. आधी वाचनालयात नोकरीला होत्या. तिथून आल्या की सांगायच्या, "वहिनी, ती तेरा-चौदाची पोरं बघवत नाहीत गं. लहानांच्या कपाटाशी थांबायची लाज वाटते, मोठ्यांच्या कपाटाशी जायचं धाडस होत नाही. मधल्या बोळात नुसती उभी असतात. त्यांच्यासाठी कुणी काही लिहीतच नाही."

मग त्यांनीच लिहायला घेतलं. नायिका तेरा वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

पुस्तक निघालं. मी पेला ठेवायला लागले.

"वा गं वा," वन्सं म्हणाल्या, "नायिकेला दूध आणि लेखिकेला कोरा चहा?"

"तुम्ही तेराच्या व्हा, तुम्हालाही देते."

किती हसलो होतो आम्ही.

२

त्यांची खोली माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर. मधे लाकडी जिना, त्याच्या पायथ्याशी एक दार स्वयंपाकघरात आणि एक मागच्या अंगणात. लिहायची त्यांची रीत अशी की आधी सगळं मोठ्यानं बोलून बघायचं. येरझाऱ्या घालत भिंगरी व्हायचं, मग वळून भिंगरीची आई व्हायचं. आईचा आवाज त्यांचा स्वतःचा, घोगरा. भिंगरीचा बारीक, शेवटी वर चढणारा. मी खाली भाजी चिरायची आणि वर मायलेकींचं कडाक्याचं भांडण चालायचं. नवीन पाहुणा असला की छताकडे बघत बसायचा. ह्यांचं वाक्य ठरलेलं: "वर कुणी नाही, बहीण कामावर आहे."

पुस्तकामागून पुस्तक निघत गेलं. शाळांतून बोलावणी यायची. वन्सं जायच्या, मुलांच्यात बाकावर बसायच्या, त्यांची नवी बोली शिकून यायच्या आणि जेवताना आमच्यावर वापरून बघायच्या. एक मोठा पुरस्कारही मिळाला. पहिलं पुस्तक वाचणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या, आपल्या मुलींना घेऊन सही मागायला आल्या. वन्संचे गुडघे धरले, चष्म्याच्या काचा जाड झाल्या. भिंगरी तेराचीच राहिली.

आणि माझा पेला चालू होता. खिडकीकडच्या खुर्चीसमोर ठेवायचा, तासाभरानं उचलायचा, दूध संध्याकाळच्या चहाला वापरायचं. एकच गोष्ट होती. त्या दुधावर कधी साय धरायची नाही. पातेल्यात जाड साय, पेल्यात नाही. मी दूधवाल्याशी भांडायची.

"पाणी घालता तुम्ही."

"बाई, पातेल्यातलं दूधही माझंच ना? मग तिथे कशी येते साय?"

त्याचं बरोबर होतं. पण भांडायला कुणीतरी लागतं, म्हणून मी भांडत राहिले. त्या प्रश्नाचा विचार मात्र केला नाही.

३

टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागला म्हणून एका सुट्टीच्या सकाळी ह्यांनी आणि मी टेबल उलटं केलं.

खिडकीकडच्या बाजूला, खालच्या अंगाला, काहीतरी चिकटलेलं होतं. शाळेतल्या बाकाखाली मुलं च्युइंगगम चिकटवतात तसं. एकावर एक थर. आतले पिवळे, कडक, बाहेरचे पांढुरके. ह्यांनी नखानं खरवडलं, वास घेतला.

"साय आहे ही."

"काहीतरीच."

"अगं, साय. वाळलेली." सगळ्यात वरचा थर अजून ओला होता. ह्यांचं बोट चिकट झालं.

"उंदीर असेल," मी म्हणाले.

"उंदीर साय खाईल. नीट ओळीनं चिकटवून ठेवणार नाही." मग हसून म्हणाले, "आमच्या लेखिकाबाईंचे उद्योग. दुसरं कोण?"

वन्संना हाक मारली. त्या एकेक पायरी धरत उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. हसल्या नाहीत.

"काल हेच लिहिलं मी," त्या म्हणाल्या. "भिंगरीला साय आवडत नाही. आईची पाठ वळली की बोटानं काढते आणि टेबलाखाली चिकटवते. आईला वर्षानुवर्षं पत्ता नाही."

"बघितलं असशील कधीतरी खाली वाकून. विसरलीस," हे म्हणाले.

"माझे गुडघे वाकतात का दादा?"

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून बरं वाटलं नाही. मग मी स्वतःची समजूत घातली की झोपेत माणसं चालतात, खातात, वन्संनाही तसं होत असेल. सुरी आणि गरम पाणी घेऊन मी सगळं खरवडून काढलं.

वर जाताना वन्सं जिन्यात थांबल्या. "वहिनी, ते मी ठरवून नव्हतं लिहिलं. तिनं सांगितलं."

लेखक लोक असं बोलतात, हे मला माहीत होतं. मुलाखतीत तर त्या नेहमीच म्हणायच्या. पण मुलाखतीत त्या हसून म्हणायच्या.

दुपारी मी पेला भरला. हात थांबला होता, नाही असं नाही. पण नवस तो नवस.

४

वन्संच्या संपादकांना आम्ही घरात कात्री म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं.

"कात्री आली आहे, वहिनी, चहा मिळेल का?" असं दारातूनच म्हणत आले त्या दिवशी. वन्संनीच बोलावून घेतलं होतं. आम्ही चौघं टेबलाशी बसलो.

"हे शेवटचं," वन्सं म्हणाल्या. "या पुस्तकात भिंगरी चौदाची होते. मग पंधराची, मग मोठी. घर सोडून जाते. संपलं."

कात्रींनी कप खाली ठेवला. "बाई, वाचक मोठे होतात ते होऊ दे. नायिका कशाला मोठी करता? चालतं दुकान आहे."

"तुमचं दुकान आहे. माझं आयुष्य गेलं त्यात." हे त्या रागानं नाही बोलल्या. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसं बोलल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जे लिहायचं ते आता लिहा, पुढे दिसेल याचा भरवसा नाही. मला एक पुस्तक माझं लिहायचंय. मोठ्या माणसांसाठी. आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षांचं. आणि त्याचं."

तो कोण हे कात्रींना कळलं नाही, आम्हाला कळलं. वाचनालयात रोज यायचा एक गृहस्थ. वन्सं त्याला 'पुढच्या वर्षी, हे पुस्तक संपलं की' म्हणत राहिल्या, आणि तो थांबत राहिला, आणि मग एका वर्षी थांबला नाही. या घरात त्याचा विषय उघडपणे निघाला तो तेव्हाच पहिल्यांदा.

कात्रींनी कप पुन्हा उचलला. तेवढ्यात वर खुर्ची सरकली. लाकडावर लाकूड घासून, करकर आवाज करत.

"वर कुणी आहे?" कात्रींनी विचारलं.

"कुणी नाही, बहीण कामावर आहे," हे सवयीनं म्हणून गेले.

आणि मग आम्ही सगळे खो खो हसलो, कारण बहीण समोरच बसली होती.

वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्या छताकडे बघत होत्या.

५

वाढदिवसाचं प्रकरण त्यांनी लिहायला घेतलं, आणि तिथेच अडकल्या. रोज दुपारी तेच ऐकू यायचं.

आई म्हणायची, "आज तू चौदाची झालीस हं."

पुढे शांतता. पावलं. पुन्हा, "आज तू चौदाची झालीस." भिंगरीचं उत्तर यायचंच नाही.

मग एका दुपारी ते आलं. मी कणीक मळत होते. वरून घोगरा आवाज म्हणाला, "झालीस म्हणजे झालीस!" आणि बारीक आवाज म्हणाला, "नाही म्हणजे नाही!"

माझे हात परातीतच राहिले. दोन्ही वाक्यं एकदम आली होती. एकावर एक. एका गळ्यातून.

जिन्यातली पोकळी आहे, आवाज घुमला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण घुमलेला आवाज नंतर येतो, आणि तेच शब्द घेऊन येतो. एवढं मलाही कळतं.

वन्सं खाली आल्या. चेहरा उतरला होता. खिडकीकडच्या खुर्चीत न बसता माझ्याजवळ ओट्याला टेकल्या.

"वहिनी, तुझ्या त्या नवसाची सांगता कधी आहे?"

"ठरवली नव्हती."

"तू? तू सांगता ठरवली नव्हतीस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना ते समजलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेडी आहेस. मला विचारलं असतंस तर एखादी मोठी होणारी पोरगी दिली असती."

मी डोळे पुसले. कणकेचा हात तोंडाला लागला.

"दूध बंद कर," त्या म्हणाल्या. "मी तिला वर मोठी करते, आणि तू तिला खाली तेराची म्हणून जेवू घालतेस. कशी होईल मोठी?"

"नवस मोडला आणि तुम्हाला काही झालं तर?"

"देव तुझ्यापेक्षा मऊ असेल गं. सांग त्याला, लेक सासरी गेली म्हणून."

मी तसंच सांगितलं. हात जोडून, त्यांनी दिले त्याच शब्दांत. पेला घासला, कोरडा केला आणि कपाटात मागच्या बाजूला पालथा घातला. मन हलकं झालं. उद्यापासून बरं होईल सगळं, असं अगदी आतून वाटलं. मला नेहमी तसंच वाटतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. लख्ख ऊन होतं. शाळा सुटली होती, रस्त्यावरून पोरांचा कलकलाट जात होता. पेल्याची वेळ झाली तसे माझे हात आपोआप थबकले, मग मी पुढची चादर झटकली.

तेव्हा वरच्या खिडकीतून वन्संचा आवाज आला. आई नाही, भिंगरी नाही. त्यांचा स्वतःचा, संथ. "आई आजारी पडली त्या वर्षी मी रोज संध्याकाळी लवकर घरी यायचं ठरवत असे."

त्यांचं पुस्तक! अखेर सुरू झालं. मला इतका आनंद झाला की मी चादर तशीच छातीशी धरून उभी राहिले.

दोन चादरींच्या फटीतून स्वयंपाकघराचं उघडं दार दिसत होतं. आत कुणीतरी बसलं होतं.

खिडकीकडच्या खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून. अंगावर वन्संची राखाडी शाल. अंबाड्यात पांढरे केस. वन्संच की, मी म्हटलं. मग वर कोण बोलतंय हे मनात यायच्या आधी माझी नजर खाली गेली. वन्सं उंच. त्या टेबलाशी बसल्या की त्यांचे गुडघे वर आपटायचे, दर वेळी कुरकुरायच्या. त्या खुर्चीतले पाय जमिनीला पोचत नव्हते. लोंबत होते, आणि मजेत पुढे-मागे हलत होते.

उजवा हात टेबलाच्या कडेखाली चाचपत होता.

"वहिनी!" वरून हाक आली. "वर ये गं जरा. ऐकायला कुणीतरी हवं आहे."

मी वळणार होते. खरंच. एक पाय जिन्याच्या दिशेनं टाकलाही होता.

तेवढ्यात खुर्चीतून बारीक आवाज आला, शेवटी वर चढणारा. "आई, दूध?"

इतक्या वर्षांत मला त्या शब्दानं कुणी हाक मारली नव्हती. बाजारात दुसऱ्याच्या पोरानं मारली तरी मी वळून बघायची. माझे पाय स्वयंपाकघराकडे गेले.

चादरी बाजूला सारून आत पोचले तेव्हा पाय जमिनीवर टेकलेले होते. वन्संच होत्या. त्यांचा चेहरा, त्यांच्या सुरकुत्या, जाड काचांचा चष्मा. माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"साय काढून दे हं," त्या म्हणाल्या.

वरचा आवाज वाक्याच्या मधेच थांबला.

७

डॉक्टर म्हणतात, या वयात काहींना असं होतं. माणूस मागे मागे जातं. त्यांचं बरोबर असेल. ते शिकलेले आहेत, आणि अशा पुष्कळ बायका त्यांनी बघितल्या आहेत. वन्संना काही दुखत नाही, खुपत नाही. खिडकीकडच्या खुर्चीत बसून असतात. 'आज शाळा नाही का?' विचारतात. हे त्यांना 'लेखिकाबाई' म्हणतात, तेव्हा त्यांना गंमत वाटते, कोण लेखिकाबाई म्हणून इकडे तिकडे बघतात. कात्री येऊन गेले. निघताना दारात उभे राहून रडले. दूध मी पुन्हा सुरू केलं आहे. आता ते पिणारं माणूस समोर दिसतं, एवढाच फरक.

मी त्यांना आंघोळ घालते, केस विंचरते. त्या मला आई म्हणतात. मागितलं ते देवानं दिलं, तक्रार कुठल्या तोंडानं करू?

पण दुपारी वरच्या रिकाम्या खोलीत आवाज येतो.

पहिल्यांदा आला तेव्हा मी कानात बोटं घातली. तेच वाक्य होतं. "आई आजारी पडली त्या वर्षी मी रोज संध्याकाळी लवकर घरी यायचं ठरवत असे." मग शांतता. मग पुन्हा तेच. घोगरा, दमलेला आवाज, दार ठोठावावं तसा. ह्यांना ऐकू येत नाही. निदान ते तसं म्हणतात, आणि त्या वेळेला बाहेर फिरायला जातात.

शेवटी एके दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. आत डोकावले नाही. वाक्य झालं, शांतता पडली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हं."

आणि आवाज पुढे गेला.

"पण वाचनालय बंद झाल्यावर तो फाटकाशी उभा असे."

"हं."

"छत्री मिटलेली. मी म्हणायची, आज नको, पुढच्या वर्षी."

"हं."

अशी ती गोष्ट चालते. माणूस गोष्ट सांगतं तेव्हा समोरच्यानं हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाऱ्याचं अवसान जातं. एवढंच लागतं त्यांना. लिहून घ्यायला बसले तर आवाज बंद. ऐकलं तर चालू. आणि काय सांगू तुम्हाला, फार सुंदर आहे हो ते. भिंगरीच्या सगळ्या पुस्तकांत मिळून नसेल एवढं त्यात आहे. मी कितीदा तरी पायरीवर बसून रडले आहे.

गोष्ट शेवटाला गेली की वन्सं खुर्चीतून उठतील, गुडघे आपटून कुरकुरतील, मला वहिनी म्हणतील. असा माझा भरवसा आहे. म्हणून मी नवा नेम धरला आहे: ती गोष्ट संपेपर्यंत रोज दुपारी हुंकार द्यायचा.

पण मी एकटी पडते. मी वर असले की खालून हाक येते. "आई?" मग जरा जोरात. मी गेले नाही तर पेला फोडतात, हाताला लागतं. आणि मी खाली जाऊन आले की वर गोष्ट पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झालेली असते. मधे कुणी 'हं' म्हणालेलं नसतं ना.

छत्री मिटलेली, याच्या पुढे आम्ही अजून गेलेलो नाही.

तुम्ही मला इतका वेळ ऐकलंत. मधे टोकलं नाहीत, उठून गेला नाहीत. ऐकायची सवय आहे तुम्हाला, म्हणून विचारते. ही पायरी स्वच्छ आहे, बसा इथे. खोलीत बघायचं नाही. भिण्यासारखं काही नाही, माझ्या वन्सं आहेत त्या. ऐका, खालून हाक आली. मला जायला हवं. मी परत येईपर्यंत एवढं करा माझ्यासाठी. आता वाक्य येईल. ते संपलं, शांतता पडली, की माझ्यासारखं नुसतं 'हं' म्हणा.